पहारेकऱ्यांना झोपवणारी गाठ

मूतखड्याच्या शंकेने पोटाचा सीटी स्कॅन होतो. खडा सापडतो किंवा सापडत नाही, पण अहवालाच्या शेवटी एक ओळ असते : डाव्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीत अडीच सेंटिमीटरची गाठ. रुग्णाने या ग्रंथीचे नाव बहुधा पहिल्यांदाच ऐकलेले असते. पुढच्या दोन प्रतिक्रिया ठरलेल्या. एक तर ‘कॅन्सर तर नसेल?’ या भीतीने सगळे घर हादरते, नाहीतर ‘सहज दिसली आहे, त्रास तर काही नाही’ असे म्हणून अहवाल फाइलमध्ये जातो. दोन्ही वेळा एक प्रश्न विचारायचा राहून जातो : ही गाठ काही स्रवते आहे का?

हा प्रश्न आज अधिक महत्त्वाचा झाला आहे, कारण दोन गोष्टी एकाच वेळी घडत आहेत. पहिली, स्कॅन वाढले. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये शंभरातल्या चार-पाच प्रौढांत अ‍ॅड्रिनलची गाठ आढळते आणि वयाबरोबर हे प्रमाण वाढते. यातल्या बहुसंख्य गाठी कर्करोगाच्या नसतात. दुसरी गोष्ट, ‘इम्युनोथेरपी’ हा शब्द मोठ्या शहरांतल्या कर्करोग रुग्णालयांपुरता राहिलेला नाही. शरीराच्याच रोगप्रतिकारक पेशींना कर्करोगावर सोडणारे हे उपचार लाखांच्या घरात जातात, आणि कुटुंबे त्यासाठी शेत विकायलाही तयार होतात. अ‍ॅड्रिनलची गाठ आणि इम्युनोथेरपी हे दोन धागे जिथे एकमेकांत गुंततात, तिथे एक संप्रेरक उभे आहे. त्याचे नाव कॉर्टिसॉल.

शरीराचा ब्रेक

अ‍ॅड्रिनल किंवा अधिवृक्क ग्रंथी दोन असतात, प्रत्येक मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी बसलेली एकेक. वजन प्रत्येकी चार-पाच ग्रॅम. पण या एवढ्याशा ग्रंथीत दोन वेगळी खाती आहेत. आतल्या गाभ्यात अ‍ॅड्रिनलिन आणि त्याची भावंडे तयार होतात. बाहेरच्या सालीत, म्हणजे कॉर्टेक्समध्ये, तीन थर असतात. एक थर रक्तदाब आणि क्षार सांभाळणारे अल्डोस्टेरॉन बनवतो, दुसरा कॉर्टिसॉल आणि तिसरा पुरुषी गुणधर्मांची संप्रेरके, जी स्त्रियांच्या शरीरातही थोड्या प्रमाणात लागतात.

कॉर्टिसॉलला सरसकट ‘ताणाचे हार्मोन’ म्हटले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. कॉर्टिसॉल रक्तातील साखर आणि रक्तदाब टिकवून धरते, आणि त्याचबरोबर रोगप्रतिकार यंत्रणेवर ब्रेक म्हणून काम करते. शरीरात जंतू शिरला की पांढऱ्या पेशी सायटोकाइन नावाचे रासायनिक निरोप सोडतात. हे निरोप जागच्या जागी सूज आणतात, ताप आणतात, आणि मेंदूपर्यंतही पोहोचतात. मेंदूतील हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला इशारा देतो, पिट्युटरी अ‍ॅड्रिनलला, आणि कॉर्टिसॉल वाढते. ते पांढऱ्या पेशींना सांगते : आता आवरते घ्या. लढाई जिंकताना स्वतःचेच घर जळू नये यासाठी केलेली ही सोय आहे. कॉर्टिसॉल पुरेसे झाले की मेंदूला तेही कळते आणि मागणी कमी होते. म्हणजे संप्रेरके आणि रोगप्रतिकार यंत्रणा ही पाठ्यपुस्तकात दोन वेगळी प्रकरणे असली तरी शरीरात त्यांचे बोलणे अखंड चालू असते.

या बोलण्याचा पहिला ठळक पुरावा १९४८ मध्ये मिळाला. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच या डॉक्टरांना अनेक वर्षे एक कोडे सतावत होते. संधिवाताने आखडलेल्या रुग्णांना कावीळ झाली किंवा स्त्री रुग्ण गरोदर राहिली, की सांधे काही काळ मोकळे व्हायचे. शरीरातलेच काहीतरी सूज उतरवत असले पाहिजे, हा त्यांचा तर्क होता. रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड केंडॉल यांनी अ‍ॅड्रिनलमधून वेगळे काढलेले संयुग सप्टेंबर १९४८ मध्ये अंथरुणाला खिळलेल्या २९ वर्षांच्या एका स्त्रीला टोचण्यात आले आणि काही दिवसांत ती चालू लागली. ते संयुग म्हणजे कॉर्टिसोन, ज्याचे शरीरात कॉर्टिसॉल होते. १९५० मध्ये हेंच, केंडॉल आणि स्वित्झर्लंडचे ताडेउश राइखस्टाइन यांना नोबेल मिळाले. आज दम्यापासून त्वचारोगापर्यंत दिली जाणारी स्टेरॉइड औषधे ही त्याच कॉर्टिसॉलची भावंडे आहेत.

कोविडने दिलेला धडा

हा ब्रेक किती उपयोगी आणि किती घातक असू शकतो, याचा धडा महाराष्ट्राने फार जवळून घेतला आहे. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीचे निष्कर्ष आले. डेक्सामेथासोन या स्वस्त स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरील कोविड रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि प्राणवायूवरील रुग्णांचे सुमारे एक पंचमांशाने कमी झाले. ज्यांना प्राणवायूची गरजच नव्हती, त्यांना मात्र काहीच फायदा झाला नाही. कारण उघड आहे. बेफाम झालेल्या प्रतिकारशक्तीला आवरायचे असते तेव्हा ब्रेक उपयोगी. विषाणूशी लढणाऱ्या पेशींना सुरुवातीलाच बांधून ठेवणे निरुपयोगी.

पुढच्याच वर्षी दुसऱ्या लाटेत या धड्याची दुसरी बाजू दिसली. बेसुमार स्टेरॉइड, त्याने भडकलेली साखर आणि आधीचा मधुमेह यांच्या संगनमताने म्युकरमायकोसिस पसरला. २०२१ च्या मध्यापर्यंत देशात या बुरशीच्या ४० हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली, त्यात महाराष्ट्र आघाडीवर होता. एरवी हवेत आणि मातीत असणारी, निरोगी माणसाच्या पांढऱ्या पेशी सहज निकालात काढतात अशी ती बुरशी. पहारा ढिला पडताच ती डोळ्यांपर्यंत आणि मेंदूपर्यंत गेली.

आता कल्पना करावी की हेच स्टेरॉइड कोणी डॉक्टर लिहून देत नाही, तर पोटातली एक गाठ रात्रंदिवस ते रक्तात सोडते आहे. डोस ठरवणारा कोणी नाही आणि बंद करणाराही कोणी नाही.

गाठ जेव्हा कोणाचेच ऐकत नाही

निरोगी अ‍ॅड्रिनल वरचा हुकूम पाळते. कॉर्टिसॉल सकाळी सर्वाधिक, मध्यरात्री सर्वांत कमी, असा त्याचा नेम असतो. अ‍ॅड्रिनलमधली स्रवणारी गाठ हा नेम मोडते. पिट्युटरीने मागणी थांबवली तरी तिचे उत्पादन थांबत नाही. चेहरा गोल होतो, पोट सुटते पण हातपाय बारीक होतात, कातडी इतकी पातळ होते की साध्या धक्क्याने काळेनिळे डाग पडतात, रक्तदाब आणि साखर चढते, हाडे ठिसूळ होतात. अमेरिकी शल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी १९१२ मध्ये अशा रुग्णाचे वर्णन केले आणि या लक्षणसमूहाला त्यांचेच नाव मिळाले. कुशिंग सिंड्रोमचे कारण कधी पिट्युटरीत असते, कधी अ‍ॅड्रिनलमध्ये. आणि आपल्याकडे सर्वाधिक वेळा ते बाहेरून घेतलेल्या स्टेरॉइडमध्ये असते.

या यादीत रोगप्रतिकार यंत्रणेचे नाव मागे पडते, कारण तिचे नुकसान आरशात दिसत नाही. कॉर्टिसॉल पेशीच्या आत शिरते, तिथल्या ग्राहीला चिकटते आणि थेट जनुकांपाशी जाऊन सूज आणणाऱ्या निरोपांचे उत्पादन बंद पाडते. टी पेशी, म्हणजे विषाणूग्रस्त आणि कर्करोगी पेशी ओळखून मारणारे पहारेकरी, संख्येने घटतात, उरलेल्या आळसावतात. साध्या रक्ततपासणीतही याची खूण दिसू शकते. लिम्फोसाइट आणि इओसिनोफिल कमी, न्यूट्रोफिल जास्त. मात्र हे जास्तीचे न्यूट्रोफिल म्हणजे वाढीव फौज नव्हे. रक्तवाहिन्यांच्या भिंतीला टेकून उभे असलेले शिपाई भिंत सोडून प्रवाहात आले, म्हणून मोजणीत संख्या वाढली. जिथे जंतू आहे तिथे ते पोहोचतच नाहीत.

परिणाम असा की अशा रुग्णाला संसर्ग लवकर होतो आणि तो उशिरा कळतो. ताप चढत नाही, पोटात फोड फुटला तरी दुखणे बेताचेच असते. जुना, दबून बसलेला क्षयरोग डोके वर काढू शकतो, आणि क्षयाचे ओझे वाहणाऱ्या आपल्या देशात ही शक्यता पुस्तकी नाही. कुशिंग सिंड्रोमवर प्रभावी उपचार नव्हते त्या काळात संसर्ग हे मृत्यूच्या प्रमुख कारणांपैकी एक होते.

कर्करोगाने पांघरलेली ढाल

अ‍ॅड्रिनलच्या सालीचा कर्करोग दुर्मीळ आहे. पाश्चात्त्य देशांतील नोंदींनुसार दहा लाख लोकांमागे वर्षाला एक-दोन रुग्ण. पण तो जितका दुर्मीळ तितकाच आडदांड. वेळीच संपूर्ण काढता आला तर आशा असते. यकृतात किंवा फुप्फुसात पसरल्यावर मात्र पाच वर्षे जगणारे थोडेच. यातल्या निम्म्याहून अधिक रुग्णांत गाठ संप्रेरके स्रवत असते आणि त्यात कॉर्टिसॉल सर्वाधिक वेळा आढळते. ज्यांच्यात कॉर्टिसॉल जास्त, त्यांचे भवितव्य अधिक वाईट, हे डॉक्टरांना बऱ्याच काळापासून ठाऊक होते. त्याचे स्पष्टीकरण साखर, रक्तात होणाऱ्या गुठळ्या, संसर्ग आणि झिजलेले स्नायू यांच्यात शोधले जाई. ते बरोबरही आहे. पण आणखी एक कारण गाठीच्या आतच असावे, अशी शंका गेल्या काही वर्षांत बळावली.

जर्मनीतील वुर्झबर्ग येथील संशोधकांच्या पुढाकाराने झालेला एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. अ‍ॅड्रिनल कर्करोगाच्या १४६ नमुन्यांत टी पेशी शिरल्या आहेत का, हे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली मोजले. ८६ टक्के नमुन्यांत त्या सापडल्या. म्हणजे पहारेकरी दारापर्यंत येतात, हे नक्की. ज्यांच्या गाठीत टी पेशी जास्त, ते रुग्ण जास्त जगले. आणि ज्यांच्या रक्तात कॉर्टिसॉलचा अतिरेक होता, त्यांच्या गाठीत ‘मदतनीस’ टी पेशी कमी होत्या. इतर टी पेशींना कामाला लावणाऱ्या मुकादम पेशी म्हणजे या मदतनीस पेशी. टी पेशी असलेल्या आणि कॉर्टिसॉल न वाढलेल्या रुग्णांचे आयुर्मान मध्यमान १२१ महिने निघाले. टी पेशी कमी आणि कॉर्टिसॉल जास्त असलेल्यांचे २७ महिने. एका बाजूला दहा वर्षे, दुसऱ्या बाजूला सव्वादोन.

बहुतेक कर्करोगांना प्रतिकार यंत्रणेला चकवण्यासाठी नाना क्लृप्त्या कराव्या लागतात. अ‍ॅड्रिनलच्या कर्करोगाला त्याचे हत्यार वारशातच मिळते. ज्या पेशीतून तो जन्मतो, तिचे कामच कॉर्टिसॉल बनवणे हे होते. रक्तात पसरलेले कॉर्टिसॉल सगळ्या शरीराचा पहारा ढिला करते. गाठीच्या आत तर ते जिथे तयार होते, तिथेच टी पेशी येऊन उभ्या राहतात.

महाग औषध, अर्धे यश

इम्युनोथेरपीच्या कहाणीत हा मुद्दा कळीचा ठरतो. टी पेशींवर काही नैसर्गिक ‘थांबा’ कळा असतात. कर्करोग त्या दाबून ठेवतो. त्या कळा मोकळ्या करणारी औषधे निघाली आणि या शोधाचा पाया घालणारे जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चे नोबेल मिळाले. काळ्या पेशींचा मेलानोमा, फुप्फुस आणि मूत्रपिंडाचे कर्करोग यांत या औषधांनी चित्र बदलले. साहजिकच ती अ‍ॅड्रिनलच्या कर्करोगातही वापरून पाहिली गेली.

निकाल संमिश्र आले. पेम्ब्रोलिझुमॅबच्या ३९ रुग्णांच्या एका चाचणीत ९ जणांची गाठ लक्षणीय आक्रसली. अव्हेलुमॅबच्या ५० रुग्णांच्या चाचणीत असे भाग्य केवळ ६ टक्क्यांना लाभले. काही मोजक्या रुग्णांना दीर्घ काळ फायदा झाला हे खरे, पण मेलानोमासारखा पालट इथे झाला नाही. ‘थांबा’ कळ सोडवली, तरी कॉर्टिसॉलचा दुसरा ब्रेक दाबलेलाच राहिला तर गाडी कशी हलणार, हा तर्क मग पुढे आला.

तर्क आकर्षक आहे, म्हणूनच तो तपासून घ्यायला हवा. फुप्फुसाच्या कर्करोगातील एक उदाहरण इथे उपयोगी पडते. २०१८ मध्ये ६४० रुग्णांच्या अभ्यासात दिसले की इम्युनोथेरपी सुरू करताना जे ९० रुग्ण रोज १० मिलिग्रॅम किंवा अधिक प्रेडनिसोलोनच्या जातीचे स्टेरॉइड घेत होते, त्यांना औषधाचा लाभ कमी झाला. स्टेरॉइडनेच घात केला, असा निष्कर्ष सरळ वाटला. पण पुढच्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासाने गुंता दाखवला. मेंदूत पसरलेला कर्करोग, धाप, वेदना अशा कारणांसाठी स्टेरॉइड घेणाऱ्यांचीच स्थिती वाईट होती; कर्करोगाशी संबंध नसलेल्या आजारासाठी ते घेणाऱ्यांत तसा फरक दिसला नाही. म्हणजे स्टेरॉइड काही वेळा गुन्हेगार नसून गंभीर आजाराचा सोबती असतो.

अ‍ॅड्रिनलच्या गाठीतही हीच सावधगिरी हवी. एका छोट्या चाचणीत औषधाला प्रतिसाद दिलेल्या दोघांपैकी एकाची गाठ कॉर्टिसॉल स्रवणारी होती. शिवाय या कर्करोगात बीटा-कॅटेनिन नावाची एक संकेतसाखळी अनेकदा बिघडलेली असते आणि ती स्वतंत्रपणेही टी पेशींना बाहेर ठेवते. म्हणून कॉर्टिसॉल हा एकमेव आरोपी नाही. पण तो असा आरोपी आहे की ज्याला मोजता येते आणि आवरताही येते. बिघडलेल्या जनुकांबाबत आज असे म्हणता येत नाही.

स्त्री-पुरुष फरकाचा धागा

हा कर्करोग पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो. फ्रान्समधील संशोधकांनी २०२२ मध्ये उंदरांवरील कामातून याचे एक संभाव्य उत्तर दिले. गाठींना आवर घालणारे एक जनुक अ‍ॅड्रिनलमधून काढून टाकल्यावर नर आणि मादी दोघांच्याही ग्रंथी सुरुवातीला वाढल्या. पुढे नरांमध्ये मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी जमल्या आणि त्यांनी म्हाताऱ्या, बिघडलेल्या पेशी खाऊन ग्रंथी आटोक्यात आणली. माद्यांमध्ये ही फौज उशिरा आणि कमी आली. गाठी आक्रमक झाल्या. नरांमधील या जाग्या फौजेमागे पुरुषी संप्रेरकांचा हात होता.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, आणि यावरून कोणी संप्रेरकांची इंजेक्शने घ्यावीत असे मुळीच नाही. पण एक गोष्ट यातून पक्की होते. एक संप्रेरक पहारा झोपवते, दुसरे तो जागा करते. गाठीचे वागणे तिच्या जनुकांवर जितके अवलंबून असते, तितकेच ती कोणत्या रसायनांत न्हाऊन निघते यावरही.

ब्रेक सोडवतानाचे धोके

मग कॉर्टिसॉल उतरवले की काम झाले? इतके सोपे नाही. या कर्करोगातले जुने औषध मायटोटेन हे डीडीटी या कीटकनाशकाच्या कुळातले. १९४९ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांत हे रसायन अ‍ॅड्रिनलची साल सुकवते असे दिसले आणि त्यातून औषध घडले. ते गाठीबरोबर निरोगी सालीलाही मारते, त्यामुळे रुग्णाला हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या द्याव्याच लागतात. शिवाय मायटोटेनमुळे यकृत या गोळ्या भराभर निकालात काढते, म्हणून डोस वाढवावा लागतो. कमी पडला तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो; फार झाला तर जो ब्रेक काढायचा तोच बाहेरून पुन्हा दाबला जातो. या दोरीवरून चालण्यासाठी अनुभवी हात लागतो.

मेटिरापोन, ऑसिलोड्रोस्टॅट यांसारखी औषधे कॉर्टिसॉलचे उत्पादनच रोखतात. काही नवी औषधे पेशीतील ग्राहीला झाकतात, म्हणजे कॉर्टिसॉल असूनही त्याचा हुकूम चालत नाही. अशा एका औषधाची केमोथेरपीला जोड दिल्यावर बीजाशयाच्या हट्टी कर्करोगात फायदा झाल्याचे मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले. तिथला हेतू मात्र कर्करोगी पेशींना केमोथेरपीपुढे कमजोर करणे हा होता. अ‍ॅड्रिनलच्या कर्करोगात इम्युनोथेरपीबरोबर असे औषध देण्याचे प्रयोग झाले आहेत. नेहमीचा उपचार बदलावा असा पुरावा त्यांतून अजून उभा राहिलेला नाही.

दुसरा धोका अनपेक्षित आहे. फार वाढलेले कॉर्टिसॉल झपाट्याने उतरवले की झोपलेले पहारेकरी एकदम जागे होतात. फुप्फुसात न्यूमोसिस्टिस नावाची बुरशी आधीच शिरलेली असेल, तर तिच्यावर ते तुटून पडतात आणि तोवर बरा दिसणारा रुग्ण धापा टाकू लागतो. म्हणून तीव्र कुशिंगमध्ये उपचार सुरू करताना प्रतिबंधक म्हणून कोट्रायमॉक्साझोल या जुन्या, स्वस्त गोळ्या देण्याचा सल्ला दिला जातो. गाठ काढल्यानंतर काहींचा दबलेला थायरॉइडदाह किंवा सांधेदुखीही उफाळते. रुग्णाला वाटते शस्त्रक्रियेने नवा आजार दिला. खरे तर जुन्या आजारावरचे झाकण निघालेले असते.

शिवाय, एका बाजूची गाठ बेसुमार कॉर्टिसॉल बनवत असताना दुसऱ्या बाजूची निरोगी ग्रंथी कामावाचून आक्रसलेली असते. शस्त्रक्रियेनंतर तिला जागे व्हायला महिने लागतात. तोवर हायड्रोकॉर्टिसोन आवश्यक असते, आणि ताप, उलट्या, अपघात अशा वेळी त्याचा डोस वाढवावा लागतो. ‘गाठ गेली, आता कशाला गोळ्या’ असे म्हणून त्या बंद करणे जिवावर बेतू शकते.

उलट्या दिशेनेही हे नाते चालते. इम्युनोथेरपीने चवताळलेल्या टी पेशी कधी कधी पिट्युटरीवर किंवा अ‍ॅड्रिनलवरच हल्ला करतात आणि कॉर्टिसॉल आटते. रुग्ण गळून जातो, भूक मरते, रक्तदाब उतरतो. कर्करोगाचाच थकवा समजून याकडे दुर्लक्ष झाले तर एका साध्या रक्तचाचणीने कळणारी, गोळीने सावरणारी गोष्ट हातची जाते.

आपल्याकडे काय व्हायला हवे

अ‍ॅड्रिनलची गाठ दिसली म्हणजे घाबरायचे कारण नाही. स्कॅनवर ती एकसारखी आणि चरबीयुक्त दिसत असेल, तिची घनता १० हाउन्सफील्ड एकके किंवा त्याहून कमी असेल, तर ती कर्करोगाची नाही असे युरोपातील २०२३ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात; मग पुन्हा पुन्हा स्कॅन करण्याचीही गरज नसते. पण स्कॅन फक्त रूप दाखवतो, स्राव दाखवत नाही. दिसायला निरुपद्रवी असलेल्या गाठींपैकीही २० ते ५० टक्के थोडे जास्तीचे कॉर्टिसॉल सोडत असतात. चेहरा गोल होत नाही, पण मधुमेह, रक्तदाब आणि ठिसूळ हाडे यांची शक्यता वाढते.

हे शोधणारी चाचणी अगदी साधी आहे. रात्री अकराच्या सुमारास डेक्सामेथासोनच्या १ मिलिग्रॅम गोळ्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठ-नऊला रक्तातील कॉर्टिसॉल. निरोगी ग्रंथी हा इशारा ऐकते आणि कॉर्टिसॉल १.८ मायक्रोग्रॅमपर्यंत किंवा त्याखाली उतरते. गाठ ऐकत नाही. गर्भनिरोधक गोळ्या, फिट्सची काही औषधे यांनी निकाल फसवा येऊ शकतो, म्हणून तो डॉक्टरांनीच वाचावा. गोळ्यांची किंमत काही रुपये. कॉर्टिसॉलची तपासणी वैद्यकीय महाविद्यालयांच्या पातळीवर अवघड नाही. इम्युनोथेरपीच्या एका बाटलीशी या खर्चाची तुलनाच होऊ शकत नाही. तरीही गाठ स्कॅनवर दिसल्यापासून शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत ही चाचणी न झालेले रुग्ण असतात, ही खेदाची गोष्ट आहे.

सुईने तुकडा काढण्याची घाई तर मुळीच नको. गाठ आतल्या गाभ्याची, अ‍ॅड्रिनलिन जातीची संप्रेरके सोडणारी असेल तर सुईच्या धक्क्याने रक्तदाब आकाशाला भिडू शकतो. त्यासाठी आधी मेटानेफ्रिनची तपासणी व्हायला हवी. दोन्ही बाजूंच्या ग्रंथी सुजलेल्या दिसल्या तर भारतात क्षयरोग आणि हिस्टोप्लाझ्मा बुरशी यांचा विचार आधी करावा लागतो. १८५५ मध्ये थॉमस अ‍ॅडिसन यांनी अ‍ॅड्रिनल निकामी होण्याच्या आजाराचे वर्णन केले, तेव्हाही त्यामागे क्षय हे मोठे कारण होते. अशा रुग्णात कॉर्टिसॉल जास्त नसते, ते आटलेले असते. उपचार अगदी उलटे.

आणि गाठ नसलेल्यांसाठीही यात सांगण्यासारखे आहे. सांधेदुखीवरच्या बिननावाच्या पुड्या, ‘आठवड्यात गोरे’ करणारी मलमे, दम्यावर परस्पर दुकानातून घेतलेल्या गोळ्या यांत बरेचदा स्टेरॉइड असते. पोटातल्या गाठीने जे होते तेच या पुड्या करतात : पहारा झोपतो, आपली ग्रंथी आक्रसते, आणि पुडी एकदम थांबवली की माणूस कोसळतो. अशा रुग्णाने डॉक्टरांपासून ती पुडी लपवू नये आणि स्वतःहून एकदम बंदही करू नये.

दुर्मीळ आजारांवर मोठ्या चाचण्या करणे कठीण असते, म्हणून नोंदी एकत्र येणे गरजेचे असते. युरोपातील केंद्रांनी आपले नमुने आणि नोंदी जोडल्या, म्हणूनच १४६ नमुन्यांचा तो अभ्यास होऊ शकला. आपल्याकडे संप्रेरकतज्ज्ञ, कर्करोगतज्ज्ञ आणि शल्यविशारद एकाच रुग्णाला वेगवेगळ्या मजल्यांवर, वेगवेगळ्या दिवशी भेटतात. प्रत्येकाच्या कागदावर त्याचीच तपासणी असते. अ‍ॅड्रिनलच्या गाठीत संप्रेरक आणि प्रतिकारशक्ती यांचा हिशेब एकत्र मांडायचा, तर आधी हे तिघे एका टेबलाशी बसायला हवेत. तोवर रुग्णाच्या हातात एक साधा प्रश्न आहे. अहवालात अ‍ॅड्रिनलच्या गाठीची ओळ दिसली की ती किती मोठी आहे एवढेच विचारून थांबू नये. ती काय सोडते आहे, हेही विचारावे.